धातूला विजेचा धक्का : काम उष्णतेचे की इलेक्ट्रॉनांचे?

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या पत्र्याला हंड्याचा किंवा घंगाळ्याचा आकार देणारा कारागीर काही वेळ ठोकून झाले की हातोडी बाजूला ठेवतो. ठोक्यांमागून ठोके बसल्याने पत्रा कडक झालेला असतो. तसाच ठोकत राहिले तर तो चिरतो. म्हणून भांडे भट्टीत जाते, लाल होईपर्यंत तापते आणि थंड झाल्यावर पुन्हा मऊ होऊन हातोडीखाली येते. शेवटचे मठारकाम झाल्यावर मात्र भांडे पुन्हा तापवीत नाहीत, कारण त्या ठोक्यांनी आलेला कडकपणा भांड्याला हवाच असतो.

घराघरांतील विजेच्या तारांचे तांबेही याच चक्रातून गेलेले असते. जाड सळई एकापेक्षा एक लहान छिद्रांतून ओढून तार बारीक करतात, त्यात ती कडक होते आणि पुन्हा मऊ करावी लागते. तारनिर्मितीच्या मोठ्या कारखान्यांत मात्र हे काम बऱ्याचदा भट्टीवाचूनच होते. सेकंदाला वीस-पंचवीस मीटर वेगाने धावणारी तार विद्युत्संपर्क असलेल्या दोन चाकांवरून जाते. त्या चाकांमधील तुकड्यातून मोठा विद्युत्प्रवाह वाहतो, तार स्वतःच्याच रोधामुळे क्षणार्धात तापते आणि लगेच पाण्यात थंड होते. भट्टीत तासभर चालणारे अनुशीतन येथे एका सेकंदाच्या आत उरकते.

यात गूढ काही नाही. वाहकातून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते, हे जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या सुमारास मोजून दाखविले होते. परंतु गेली सहा दशके धातुविज्ञानात एक प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होत आला आहे. धातूतून वाहणारा प्रवाह केवळ त्याला तापवतो, की उष्णतेच्या पलीकडे जाऊन त्याच्या अंतर्गत रचनेवर थेट काही परिणाम घडवितो? उत्तर पहिले असेल, तर विद्युत्प्रवाह ही एक चपळ भट्टी आहे, एवढेच. उत्तर दुसरे असेल, तर भट्टीला कधीच साधणार नाही असे काही विजेला साधता येईल.

प्रश्नाचे मर्म कळण्यासाठी पत्रा कडक का होतो, हे पाहावे लागेल. धातू वरून एकसंध दिसला तरी तो असंख्य बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. सर्वसाधारण तांब्यात या कणांचा व्यास मिलीमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागापर्यंत असतो. प्रत्येक कणात अणू शिस्तीने रांगांमध्ये बसलेले असतात, पण ही शिस्त निर्दोष नसते. काही ठिकाणी अणूंची एखादी अर्धीच रांग मध्ये घुसलेली असते. या रेषारूप दोषाला स्थानभ्रंश म्हणतात. मोठे जाजम एका टोकाने ओढून सरकत नाही, पण त्यात एक वळी पाडून ती वळी पुढे ढकलत नेली तर जाजम थोडेसे सरकते. धातू वाकतो तो अशाच रीतीने, स्थानभ्रंश पुढे सरकल्यामुळे. जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली.

ठोकताना किंवा ओढताना स्थानभ्रंशांची संख्या प्रचंड वाढते. भरपूर ठोकलेल्या धातूच्या एका घन सेंटीमीटरमध्ये असलेले सर्व स्थानभ्रंश एकापुढे एक जोडले, तर त्यांची लांबी लाखो किलोमीटर, प्रसंगी कोटीच्या घरात जाते. चंद्र पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरांहून थोडा अधिक दूर आहे, यावरून कल्पना यावी. इतक्या गर्दीत ते एकमेकांत अडकतात, पुढे सरकेनासे होतात, आणि पत्रा कडक होतो. तापवल्यावर अणूंना हालचालीची मुभा मिळते. गुंता असलेल्या भागांत जवळजवळ निर्दोष असे नवे कण जन्म घेतात आणि जुन्या, विस्कटलेल्या कणांना गिळत वाढतात. यालाच पुनःस्फटिकीकरण म्हणतात. भट्टीत धातू गरजेपेक्षा अधिक काळ राहिला तर नवे कणही एकमेकांना गिळू लागतात आणि जाड होतात. हे सहसा नको असते, कारण कण जितके बारीक तितका धातू बळकट; हॉल आणि पेच यांनी पन्नासच्या दशकाच्या आरंभी हा संबंध सूत्रात बसविला.

प्रवाहाच्या थेट परिणामाची चर्चा सुरू झाली ती सोव्हिएत संघात. ट्रॉइत्स्की आणि लिख्तमन यांनी १९६३ मध्ये जस्ताचे एकेकटे स्फटिक ताणत असताना त्यांच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. ज्या पातळ्यांवरून स्फटिकाचे थर घसरतात, त्यांच्या दिशेने झोत आला की स्फटिक ताणण्यास कमी बळ लागते, असे त्यांना आढळले. साठच्या दशकाच्या अखेरीस ट्रॉइत्स्की यांनी झोताऐवजी विजेचे तीव्र व अत्यल्पकालीन स्पंद वापरले, आणि जस्त, कॅडमियम, कथील, शिसे यांतही तोच अनुभव आला. प्रत्येक स्पंदाबरोबर धातूचा विरोध क्षणभर कमी होई. या घटनेला पुढे इलेक्ट्रोप्लॅस्टिसिटी, म्हणजे विद्युत्-आकार्यता, असे नाव मिळाले.

येथे आकड्यांकडे लक्ष देणे आवश्यक आहे, कारण सगळा वाद आकड्यांचाच आहे. घरगुती वायरिंगमध्ये दीड चौरस मिलीमीटर छेदाच्या तारेतून पंधरा अँपिअर प्रवाह वाहिला, तर एका चौरस मिलीमीटरमागे दहा अँपिअर पडतात. प्रयोगशाळेतील स्पंदांत हीच प्रवाहघनता हजार अँपिअर किंवा त्याहून अधिक असते. ती सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढी, म्हणजे सुमारे शंभर मायक्रोसेकंदच टिकते. धारित्रांच्या, म्हणजे कपॅसिटरांच्या, संचात साठवलेला भार एकदम मोकळा करून असे स्पंद निर्माण करतात.

असा एक स्पंद तांब्याला किती तापवेल? तांब्याचा विशिष्ट रोध आणि उष्णताधारकता ठाऊक असल्याने हे गणित कोणीही करू शकतो. हजार अँपिअर प्रति चौरस मिलीमीटरचा शंभर मायक्रोसेकंदांचा स्पंद तांब्याचे तापमान जेमतेम अर्ध्या अंशाने वाढवितो. तोच स्पंद मिश्रपोलादात पाच-सहा अंशांची वाढ करील, कारण त्याचा रोध अधिक. विमानांत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियमच्या मिश्रधातूत मात्र ती वाढ सत्तर अंशांच्या आसपास जाईल. म्हणजे ‘स्पंद इतका छोटा की तापण्याचा प्रश्नच नाही’ हे विधान तांब्याला लागू पडते, टायटॅनियमला नाही. या क्षेत्रातील अनेक निष्कर्षांवर नंतर जे आक्षेप आले, त्यांचे मूळ बहुतेक वेळा येथेच सापडते.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात हान्स कॉनरॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात हा विषय पद्धतशीरपणे हाताळला. त्यांच्या कामातील सूक्ष्मरचनेच्या दृष्टीने सर्वांत उल्लेखनीय भाग आहे तो तांब्याच्या पुनःस्फटिकीकरणाचा. थंड अवस्थेत ओढलेल्या तांब्याला अनुशीतन करताना सेकंदाला एक-दोन या मंद गतीने स्पंद दिले, तेव्हा नवे कण साध्या अनुशीतनापेक्षा लवकर तयार झाले. शिवाय ते अधिक बारीक राहिले. दोन स्पंदांच्या मध्ये तांब्याला थंड होण्यास भरपूर अवधी होता, त्यामुळे निव्वळ तापण्याने हे घडले असे म्हणणे कठीण होते. स्पंदांमुळे नव्या कणांचा जन्म होण्याची ठिकाणे वाढतात आणि पुढील वाढीला लगाम बसतो, असे या कामातून सुचत होते. तांबटाच्या भाषेत सांगायचे तर पत्रा मऊही व्हावा आणि त्याचा पोतही बारीक राहावा. भट्टीत हे दोन्ही एकाच वेळी साधणे अवघड असते.

या परिणामाचे सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण म्हणजे ‘इलेक्ट्रॉन-वारा’. धातूतून प्रवाह वाहतो तेव्हा इलेक्ट्रॉनांचा समूह एका दिशेने सरकत असतो. ही सरकण्याची गती आश्चर्यकारकरीत्या मंद असते. घरगुती तारेतील दहा अँपिअर प्रति चौरस मिलीमीटरला ती सेकंदाला एक मिलीमीटरही नसते. हजार अँपिअरला ती सात सेंटीमीटरच्या आसपास पोहोचते. पण इलेक्ट्रॉनांची संख्या अफाट असल्याने ते दोषांवर आदळून त्यांना थोडा थोडा रेटा देत असतात, आणि वाऱ्याने पानगळीची पाने ढकलावीत तसे अणू किंवा स्थानभ्रंश सरकू शकतात.

हा वारा कल्पनेतला नाही, याचा पुरावा संगणकाच्या चिपने फार महाग किंमत घेऊन दिला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात एकात्मिक मंडलांतील ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म पट्ट्या काही काळ वापरल्यावर आपोआप तुटू लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पट्टीच्या एका टोकाला पोकळ्या आणि दुसऱ्या टोकाला उंचवटे दिसत होते. इलेक्ट्रॉनांनी ॲल्युमिनियमचे अणू अक्षरशः वाहून नेले होते. या घटनेला विद्युत्-स्थलांतर म्हणतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये पट्टीच्या आयुष्याचे जे सूत्र दिले, ते आजही या उद्योगात वापरात आहे. ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे मिसळणे हा त्यावरचा पहिला उपाय होता. १९९७ मध्ये आयबीएमने पट्ट्याच तांब्याच्या करण्याची पद्धत जाहीर केली. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, चिपमधील प्रवाहघनता आणि धातूवर सोडल्या जाणाऱ्या स्पंदांची प्रवाहघनता जवळपास एकाच पातळीवरची आहे. चिपची पट्टी वितळत नाही ती सिलिकनमुळे, कारण तो उष्णता तत्काळ शोषून घेतो. एका क्षेत्रातील विध्वंसक शक्ती दुसऱ्या क्षेत्रात उपकारक ठरावी, ही या विषयाची गंमत आहे.

तथापि चिपमधील वारा महिनोन्‌महिने वाहतो, तर स्पंदाचा वारा शंभर मायक्रोसेकंद. इलेक्ट्रॉन-वाऱ्यामुळे स्थानभ्रंशावर किती जोर पडेल याचे गणित केले, तेव्हा उत्तर प्रयोगात दिसलेल्या विरोधातील घटीपेक्षा कितीतरी लहान आले. मग पर्यायी स्पष्टीकरणे पुढे आली. मोलोत्स्की आणि फ्लेरॉव्ह यांनी १९९५ मध्ये असे सुचविले की, प्रवाहाबरोबर निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र स्थानभ्रंश आणि त्याला अडवणारा अडथळा यांच्यातील बंध सैल करीत असावे. काही संशोधकांनी ऊष्मागतिकीचा आधार घेतला. प्रवाह वाहत असताना धातूची रचना कमी रोधाच्या मांडणीकडे झुकते, असे त्यांचे म्हणणे आहे.

संशयवाद्यांची बाजूही दुबळी नाही. लंडनच्या धुक्यासारखे येथे काहीच स्पष्ट नाही असे नव्हे. उलट काही प्रयोग फार नेमके आहेत. १९८१ मध्ये शिशाला ४.२ केल्विन, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअस, इतके थंड करून त्यातून प्रवाह सोडण्यात आला. विद्युत्-आकार्यता दिसली नाही. टायटॅनियमची पट्टी प्रवाहासह ताणताना हवेच्या झोताने थंड ठेवली, तेव्हा विरोधातील घट जवळजवळ नाहीशी झाली. यावरून अनेकांचे मत असे झाले की, ज्याला प्रवाहाचा खास परिणाम म्हणतात तो बऱ्याचदा नीट न मोजलेल्या उष्णतेचा परिणाम असतो. यात तथ्य आहे. तापमापक पृष्ठभागावरचे सरासरी तापमान दाखवितो. परंतु प्रवाह सर्वत्र सारखा वाहत नाही. भेग, पोकळी किंवा कणांची सीमा आली की तो वळसा घालतो, आणि वळणाच्या टोकाशी त्याची गर्दी होते. तेथे क्षणभर किती तापले, हे पृष्ठभागावरून कळत नाही.

भेगा बुजविण्याच्या प्रयोगांत हीच गर्दी कामी येते. पोलादाला पाण्यात विझवताना कधी कधी बारीक तडे जातात. असे पोलाद तीव्र स्पंदाखाली ठेवले की भेगेच्या टोकाभोवतीचा लहानसा भाग एकदम तापून प्रसरण पावू लागतो. भोवतीचे थंड पोलाद त्याला पसरू देत नाही. परिणामी तो भाग दाबला जातो आणि भेगेचे ओठ मिटू लागतात. चीनमधील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात मध्यम कर्ब असलेल्या पोलादावर हे दाखविले. येथे उष्णता हीच कर्ती आहे, हे मान्य करण्यात कोणालाच अडचण नाही. फरक इतकाच की, ती जिथे हवी तिथेच निर्माण होते. संपूर्ण भाग तापविणाऱ्या भट्टीला हे जमणार नाही. ‘उष्णता की आणखी काही’ या वादात हा मुद्दा पुष्कळदा हरवतो. जागा निवडून पोहोचणारी, मायक्रोसेकंदात येऊन जाणारी उष्णता ही नेहमीच्या उष्णतेपेक्षा व्यवहारात वेगळीच वस्तू आहे.

उष्णता आणि प्रवाह यांना वेगळे करण्याची चतुर युक्ती २०२१ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या कामात सापडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरातील अँड्र्यू मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियममध्ये दर शंभर अणूंत सात ॲल्युमिनियमचे असलेला मिश्रधातू निवडला. त्याचा विशेष असा की, बहुतेक धातू तापल्यावर अधिक ताणले जातात. हा मात्र तापल्यावर लवकर तुटतो. म्हणजे स्पंदांचे काम केवळ तापवण्याचे असते, तर स्पंद दिल्यावर त्याची ताणण्याची क्षमता घटली पाहिजे होती. प्रत्यक्षात ती वाढली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कारणही दिसले. या मिश्रधातूत स्थानभ्रंश एरवी एकाच पातळीवर रांगेने सरकतात, त्या पट्ट्यांत सारा ताण एकवटतो आणि धातू तेथेच फाटतो. स्पंदांखाली ते एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उड्या मारू लागले. त्यांच्या सरळ रांगा नागमोडी झाल्या, आणि ताण सर्वत्र विखुरला. विशेष म्हणजे ही रचना अतिशीत तापमानात ताणलेल्या नमुन्यासारखी होती. तापवणाऱ्या प्रवाहाने थंडीतली रचना निर्माण करावी, याचे स्पष्टीकरण साध्या उष्णतेने देता येत नाही.

मग हे तंत्र कारखान्यांत सर्रास का दिसत नाही? पहिले कारण प्रवाहाच्या प्रमाणाचे. एक मिलीमीटर व्यासाच्या तारेला हजार अँपिअर प्रति चौरस मिलीमीटर देण्यास आठशेच्या आत अँपिअर पुरतात. वीस मिलीमीटरच्या सळईला तेवढीच घनता हवी, तर तीन लाखांहून अधिक अँपिअर लागतील. आकाशातील सर्वसाधारण विजेचा प्रवाह तीस हजार अँपिअरच्या आसपास असतो. त्यात आणखी एक अडचण अशी की, अत्यल्पकालीन स्पंद जाड वाहकाच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. शंभर मायक्रोसेकंदांचा स्पंद तांब्यात पृष्ठभागापासून सुमारे एक मिलीमीटरपर्यंतच प्रभावी राहतो. दंतचक्रासारखा गुंतागुंतीचा भाग असेल तर प्रवाह जवळचा मार्ग धरतो आणि दात तसेच राहतात. भट्टी संथ व खर्चिक खरी, पण ती एका वेळी हजारो भागांचे कानेकोपरे सारखेच तापविते. म्हणूनच स्पंदांचे बरेचसे प्रयोग तारा, पट्ट्या आणि पातळ पत्रे यांवर झालेले आहेत.

ऊर्जेचा हिशेब मात्र विजेच्या बाजूने आहे. एक किलो तांबे पाचशे अंशांपर्यंत तापविण्यास तत्त्वतः सुमारे १८५ किलोज्यूल, म्हणजे विजेच्या एका युनिटचा विसावा भाग पुरतो. भट्टीला त्याहून बरीच अधिक ऊर्जा लागते, कारण ती विटा, हवा आणि धुराडे यांनाही तापवीत असते. प्रवाह थेट धातूतच उष्णता निर्माण करतो. तारनिर्मितीने हा लाभ केव्हाच पदरात पाडून घेतला. धातूंच्या आणि सिरॅमिकच्या चूर्णाला दाबाखाली प्रवाह देऊन घट्ट करण्याची ‘स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग’ ही पद्धतही याच कुळातली. हैदराबादच्या एआरसीआय या संशोधन केंद्रात ती सुविधा आहे. या नावातील ठिणगी व प्लाझ्मा यांचे अस्तित्वच प्रयोगांत सापडले नाही, असा दावा २००८ मध्ये करण्यात आला. नाव मात्र टिकून आहे.

टायटॅनियम-ॲल्युमिनियमवरील युक्ती तांब्याला किंवा पोलादाला लागू करता येत नाही, ही संशोधकांपुढची खरी अडचण आहे. या धातूंत उष्णता आणि प्रवाह दोन्ही एकाच दिशेने, मऊपणाकडे, ओढतात. त्यामुळे कोणाचा वाटा किती, हे ताणून पाहिल्याने उलगडत नाही. तेथे एकच मार्ग उरतो. दोन एकसारखे नमुने घेऊन एकाला स्पंद द्यायचे, आणि दुसऱ्याला प्रवाहाविना, मायक्रोसेकंदागणिक तेच तापमान भोगायला लावायचे. स्पंदाच्या वेगाने सबंध नमुना आतून सारखा तापवून सोडणारे प्रवाहाव्यतिरिक्त दुसरे साधन मात्र सहजी उपलब्ध नाही.